घरी शिकणाऱ्या मुलांसाठी साहित्य : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आमची दोन्ही मुलं घरीच शिकतात. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. आम्ही पुण्यात राहतो. होमस्कूलिंगचा विचार करणाऱ्या पालकांचे फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न कायद्याचा किंवा परीक्षेचा असतो आणि दुसरा हमखास "काय काय आणायचं?" हा. त्या दुसऱ्या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सुरुवातीला काय काय लागेल? यादी मिळेल का?

मिळेल, पण छोटी आहे. एक पाटी. चौकटीच्या दोन वह्या, दुरेघी दोन आणि कोऱ्या पानांची एक जाड वही. पेन्सिली, कंपासपेटी, धार असलेली कात्री, डिंक, शिवणकामाची टेप. स्वयंपाकघरातला वजनकाटा. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा. आणि जवळच्या वाचनालयाची वर्गणी. पहिले तीन महिने एवढ्यावर आरामात निघतात.

बाकीचं मुलाला प्रश्न पडेल तसं आणा. मुलीची शाळा सोडली त्या आठवड्यात घाबरून मी वर्षभराचा एक महागडा संच मागवला होता. बारा खोकी, प्रत्येकावर महिन्याचं नाव. आमच्याकडे तेव्हा मुंग्यांचं वेड होतं आणि त्या महिन्याच्या खोक्यात चुंबक निघाले. खोका उघडला की दोन तासांत सगळं होऊन जायचं, कारण करायचं काय ते आधीच ठरलेलं आणि उत्तरही मागच्या पानावर छापलेलं. पाचव्या खोक्यानंतर संच माळ्यावर गेला. मुंग्यांचं वारूळ मात्र साध्या भिंगाने आणि चिमूटभर साखरेने दीड महिना पुरलं. कुठल्या मुंग्या साखर उचलतात आणि कुठल्या फिरकतही नाहीत, याची तिची वही अजून आहे.

पाठ्यपुस्तकं घ्यायची का?

घ्या. बालभारती १९६७ पासून पाठ्यपुस्तकं करते आहे आणि तिच्या संकेतस्थळावर ती पीडीएफमध्ये फुकट मिळतात. तरी मी छापील प्रत घ्यायला सांगते. किंमत कमी असते, आणि प्रिंट काढत बसलात तर शाईतच त्याहून जास्त पैसे जातात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात नवी-जुनी दोन्ही मिळतात. पुस्तकांतले क्यूआर कोड स्कॅन केले की सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. ते सगळंच चांगलं आहे असं नाही, निवडून वापरा.

एकाच विषयाची दोन इयत्तांची पुस्तकं शेजारी ठेवली तर फार उपयोग होतो. घरी शिकणारं मूल परिसर अभ्यासात पाचवीत आणि गणितात तिसरीत असू शकतं, आणि त्यात काही बिघडत नाही.

मराठी वाचायला-लिहायला शिकवण्यासाठी काय वापरावं?

लिहिण्याआधी धूळपाटी. स्टीलच्या ताटात बारीक रवा किंवा वाळू पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. चुकलं तर ताट हलवायचं. पेन्सिल धरायची ताकद बोटांत येण्याआधीच मुलाला अक्षराचं वळण कळतं, कुठून सुरू करायचं आणि कुठे वळायचं ते. मग पाटी, मग दुरेघी वही. वहीची घाई करू नका. आमच्या मुलाने सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत वही हातात धरली नाही, आणि आज त्याचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

वाचनासाठी फुकट आणि उत्तम अशा दोन जागा आहेत. पहिली 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ साली सुरू झालं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला ठेवले आहेत. माझ्या वडिलांनी लहानपणी वाचलेला अंक माझ्या मुलीने त्यांच्याच शेजारी बसून वाचला. दुसरी जागा प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. २०१५ पासून चालू आहे, तिथे मराठीत भरपूर चित्रकथा आहेत, त्या वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि उतरवून छापायला परवानगी आहे. झेरॉक्सवाल्याकडे पाठपोट प्रिंट काढा, मधोमध दोन पिना मारा, झालं पुस्तक. मुखपृष्ठावर मुलाला स्वतःचं नाव घालू द्या.

चित्रांची पुस्तकं मात्र विकत घ्या. ज्योत्स्ना प्रकाशनाची मुलांची पुस्तकं घरी असावीत असं मला मनापासून वाटतं. थोड्या मोठ्या मुलांच्या शुद्धलेखन-व्याकरणासाठी माधुरी पुरंदरे यांचं 'लिहावे नेटके' आणा. ते पाठ करून घ्यायला लावत नाही, खेळत-खेळत भाषा तपासायला लावतं.

गणितासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती?

गणितमाळ. एकच गोष्ट घेणार असाल तर हीच घ्या.

शंभर मणी एका दोरीत ओवायचे. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशा क्रमाने. दोरी मण्यांपेक्षा वीतभर लांब ठेवायची म्हणजे मणी सरकतात. मी दोन रंगांचे मणी रविवार पेठेतून आणले आणि नायलॉनच्या दोरीत ओवले. माळ दोन खिळ्यांना आडवी बांधली. खुणेसाठी कपड्यांचे चिमटे. तयार हवी असेल तर दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेची मिळते.

मराठीत शिकणाऱ्या मुलांना ती जास्तच लागते, याचं कारण आपली संख्यानामं. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतात, लिहिताना चार. मूल कान ऐकतो तसं लिहितं आणि ७४ होतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! माझं मत विचाराल तर दोन्ही वाचनं मुलाला यावीत. 'चाळीस सात' समजण्यासाठी आणि 'सत्तेचाळीस' बाजारात बोलण्यासाठी. माळेवर दोन्ही दिसतात. चार रंगपट्टे सोडायचे, पुढचे सात मोजायचे, तिथे चिमटा लावायचा.

मुलाचं एकोणपन्नासशी बरेच दिवस जमत नव्हतं. अठ्ठेचाळीस झाले की तो थबकायचा. एका दुपारी त्याने पन्नासाव्या मण्यावर बोट ठेवलं, बोट एक मणी मागे घेतलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "एक ऊण पन्नास… एकोणपन्नास!" लगेच धावत एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ असे सगळे चिमटे लावून आला. नव्याण्णवपाशी येऊन चिडला, कारण तिथे नियम मोडतो. तीस-पस्तीस वर्षं हे शब्द वापरूनही त्यातला 'उणे' मला कधी ऐकू आला नव्हता.

माळेशिवाय गणिताला आणखी काय?

दशक-सुट्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. दहा काड्यांचा गठ्ठा बांधायचा, वजाबाकीत तो सोडायचा. 'हातचा' म्हणजे काय ते गठ्ठा सोडताना कळतं, आकड्याच्या डोक्यावर बारीक एक लिहून कळत नाही.

अपूर्णांकांसाठी वजनकाटा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहेत, त्याचा फायदा घ्या. "सव्वा किलो कांदे तोल" म्हटलं की मूल १२५० ग्रॅमवर आपोआप येतं. आजी-आजोबांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, येत असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्या. पाठ झाली नाही तरी चालेल, नुसती तिची लय ऐकण्यासारखी आहे.

भूमितीला फळीवर समान अंतराने खिळे ठोकून रबरबँड लावण्याची पाटी. ती मुलांकडूनच ठोकून घ्या.

घरात विज्ञानाची प्रयोगशाळा कशी उभी करायची?

उभी करू नका. एक डबा ठेवा आणि त्यात भर घालत जा.

अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आधी पाहा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे खेळण्यांचे व्हिडिओ आणि ढीगभर पुस्तकं फुकट आहेत, मराठीतही. सुरुवात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीपासून करा. नळीचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, गूल खरवडलेल्या काड्या त्यांत खोचून आकार जोडायचे. चौकोन केला तर बोटाने दाबताच कलंडतो. त्रिकोण हटत नाही. हे हाताला एकदा कळलं की बाजारात जाताना मुलं पत्र्याच्या शेडच्या कैच्या बघत चालतात आणि त्यातले त्रिकोण मोजतात.

विजेच्या प्रयोगांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड. एलईडी, छोटी मोटर, वायर, मगरचिमटे, सेलचं घर एवढं घ्या. फक्त सेलवर चालणारे प्रयोग. घरातल्या प्लगला हात नाही, हा नियम आमच्याकडे कधीच मोडला जात नाही. बटणासारखे चपटे सेल लहान मुलं गिळतात आणि ते जिवावर बेतू शकतं, म्हणून लहान मूल घरात असेल तर ते आणूच नका.

सूक्ष्मदर्शक घ्यायचा तर आधी फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक १४० पट मोठं दाखवतो. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, डबक्यातलं पाणी, आणि आमच्या घरचा लाडका म्हणजे जास्वंदीचा परागकण. चेंडूला काटे फुटावेत तसा दिसतो. पकडायची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर मुलं वैतागतात. त्यांच्या शेजारी बसा.

पावसाळ्यात करता येईल असं काही?

पर्जन्यमापक. दोन लिटरची, सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. खांद्याच्या जरा खाली कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून तळाशी खडे घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं आणि तिथे शून्याची रेघ मारायची. रेघेपासून वर पट्टी चिकटवायची. तोंडाची रुंदी आणि बाटलीची रुंदी सारखीच असल्यामुळे पट्टीवरचे मिलिमीटर हेच पावसाचे मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मग गच्चीचं क्षेत्रफळ मोजा आणि गच्चीवर किती लिटर पडलं ते काढा. या हिशेबाला मुलं कधीच नाही म्हणत नाहीत.

भिंत आणि झाडापासून दूर ठेवा, रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचा, पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणा. मुलगी आमचा आकडा वर्तमानपत्रातल्या शिवाजीनगर वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघते. एके दिवशी आमच्या गच्चीवर ३१ मिलिमीटर होता आणि शिवाजीनगरला ४. तिला आधी वाटलं आपलीच बाटली चुकली. मग कात्रजला राहणाऱ्या मैत्रिणीला बाटली करायला लावली, आता तीन घरांचे आकडे एका वहीत उतरतात.

भूगोल-इतिहासाला काय?

पृथ्वीगोल घ्या, मध्यम आकाराचा, आणि दिवस-रात्र दाखवायला टॉर्च. त्याशिवाय सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून नोंदणी करून आपल्या भागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उतरवून घ्या. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. आपली टेकडी, ओढा, गावची वाट सगळं सापडतं.

आमचा दिवाळीचा किल्ला आता या नकाशावरूनच होतो. झेरॉक्सवाल्याकडून सिंहगडाचा भाग मोठा करून आणतो. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्यांतली जाड रेषा दर १०० मीटरला असते. प्रत्येक जाड रेषेच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, खाली विटांचे तुकडे देत एकावर एक रचायचे आणि वर माती लिंपायची. कडा कुठे तुटतो आणि सोंड कुठून उतरते ते पुठ्ठे कापतानाच हाताला लागतं. मग तानाजीचे मावळे कुठून चढले असतील यावर भाऊ-बहिणीचं भांडण. अळीव पेरायचं काम धाकट्याचं.

मुलांना खरी हत्यारं द्यावीत का?

द्या. छोटी हातोडी, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, करवत, सुई-दोरा, सोलाणं, सुरी. खेळण्यातली हत्यारं बोथट असतात, जोर जास्त लावावा लागतो आणि हात सटकतो. बोहरी आळीत लहान मापाची चांगली मिळतात. दोन वर्षं मोठ्या माणसाने शेजारी बसायचं, हातात मोबाईल न घेता.

टॅब, लॅपटॉप, प्रिंटर?

एक लॅपटॉप, घरातल्या सगळ्यांचा मिळून, बैठकीच्या खोलीत. लहान मुलाला स्वतःचा टॅब लागत नाही. प्रिंटर घेतलात तर आठवड्याला एक तरी रंगीत पान काढा, नाहीतर शाई सुकून नळ्या तुंबतात. महिन्याला वीस-पंचवीस पानंच लागत असतील तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला स्वस्त पडतो.

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. हे सगळं कुठून मिळणार?

तुमच्याकडे माती, शेत, ओढा, सुतार, लोहार, आठवडी बाजार आहे. आम्ही शहरात त्यासाठी रिक्षाने हिंडतो. मणी, काड्या, पाटी तिथेही मिळतात, फोल्डस्कोप पोस्टाने येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांशी ओळख करून घ्या. त्यांच्याकडे गणिताचं साहित्य असतं, आणि कुणी ते बघायला आलं याचाच अनेकांना आनंद होतो.

परदेशातून विचारणाऱ्या मराठी कुटुंबांना मी 'किशोर', स्टोरीवीव्हर आणि बालभारतीची पीडीएफ एवढंच सुचवते. भारतातून कुणी येणार असेल तर त्यांच्या बॅगेत पाटी सांगा.

नोंदी ठेवायला काय लागतं? परीक्षेचं काय?

मुलामागे एक फाइल आणि एक दैनंदिनी. रोज तीन ओळी : आज काय वाचलं, काय केलं, कुठे अडलं. महिन्यातून एकदा लिखाणाचे, चित्रांचे नमुने तारीख घालून फाइलला लावा. कधी शाळेत परत जावंसं वाटलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात होमस्कूलिंगचा उल्लेख नाही, पण शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद आहे. जन्मदाखला, आधार आणि आधी शाळेत गेलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, हे तिन्ही प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

परीक्षेसाठी बहुतेक जण एनआयओएसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त विद्यालयाकडे वळतात. माध्यमिकला, म्हणजे दहावीला, १४ वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होते, नोंदणी पाच वर्षं चालते आणि विषय एकेक करून देता येतात. मराठी माध्यमही आहे. विज्ञानासारख्या विषयांचं प्रात्यक्षिक मात्र त्यांच्या केंद्रावरच होतं, म्हणून परखनळी, ब्युरेट वगैरे घरी आणण्यात पैसे घालू नका. राज्य मंडळाची दहावी-बारावी १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या देता येते.

एका खोलीत राहतो. ठेवायचं कुठे?

पत्र्याची एक पेटी, पलंगाखाली. आम्ही तिच्यात मावेल तेवढंच ठेवतो, नवीन काही आलं की जुनं काहीतरी बाहेर जातं. पावसाळ्यात पुस्तकांना कसर लागते. कडुलिंबाची वाळलेली पानं घाला आणि श्रावणात ऊन पडलं की पुस्तकं गच्चीत काढा. हे काम मुलांना फार आवडतं, कारण विसरलेली पुस्तकं पुन्हा सापडतात आणि अर्धी दुपार तिथेच वाचत बसण्यात जाते.

वर्षाला खर्च किती येतो?

दोघांचं मिळून आमचं साहित्य वर्षाला सहा हजारांच्या आत बसतं, त्यातले निम्मे पुस्तकांवर जातात. माळ्यावरचा तो संच यात धरलेला नाही.

वापरून झालेलं साहित्य द्यायचं कुठे?

ज्या घरात नुकतीच सुरुवात झाली आहे तिथे. पाठ्यपुस्तकं वाचनालयाला, खोके वस्तीतल्या खेळघराला. देण्याआधी मुलांना विचारा. मुलगी भागाकार-अपूर्णांकात रमली आहे आणि माळ मुलालाही फारशी लागत नाही, म्हणून मी ती गेल्या महिन्यात शेजारच्या चिमुरडीसाठी काढली होती. मुलगा म्हणाला, "थांब, आधी शंभराच्या पुढचं ओवून देतो." आता आमच्याकडे १८० मण्यांची एक माळ आहे, आणि शेजारी नवी ओवायचं काम चालू आहे.